दोन बाय एकचा समुद्र

मुंबईत जागा कमी पडली की समुद्राला मागे सरकवायचं, ही आमची जुनी पद्धत. सात बेटं जोडली ती अशीच, मरीन ड्राइव्ह झाला तो असाच आणि नरिमन पॉइंटही. पिढ्यान्‌पिढ्या हे निमूट सोसणारा समुद्र एक दिवस उलट दिशेने निघाला आणि आमच्या मुलुंडच्या घरात, टीव्ही आणि चपलांचं कपाट यांच्या मधल्या सव्वादोन फुटांत जागा मागू लागला. त्याचं वकीलपत्र सूनबाईंनी घेतलं होतं.

"बाबा, दोन फूट बाय एक बाय एक. बस्स. कोपऱ्यात आहे हे कळणारही नाही."

कळणार नाही म्हणून जी वस्तू घरात येते ती पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दाखवली जाते, हा अनुभव ट्रेडमिलपासूनचा आहे. तरी मी विरोध केला नाही, कारण तिचं पुढचं वाक्य फार हिशेबी होतं. "प्रवाळ, मासे सगळं मी बघते. फिल्टर कुठला बसवायचा तेवढं तुम्ही सांगा. तुमचाच विषय आहे."

विषय माझा होता खरा. माझी सारी नोकरी महापालिकेच्या पाणी खात्यात गेली, त्यातलीही बरीचशी भांडुपच्या शुद्धीकरण केंद्रात. मुंबई रोज साडेतीन हजार दशलक्ष लिटरच्या वर पाणी वापरते आणि त्यातलं निम्म्याहून जास्त भांडुपला गाळून निघतं. आधी तुरटीच्या जातीची औषधं, मग गाळ बसवायच्या गोल टाक्या, मग वाळूच्या गाळण्या, शेवटी क्लोरीन. असल्या माणसाने दोन बाय एक बाय एकला घाबरायचं कारण काय? हिशेब केला तर जेमतेम ५७ लिटर. वाळू आणि दगडांनी आपापला वाटा घेतला की उरतात ४५. एवढं पाणी आमच्या खात्यात एखाद्या व्हॉल्व्हचं पॅकिंग बदलताना फिटरच्या बुटात जातं.

आमच्या हिने मात्र मूळ प्रस्तावालाच हरकत घेतली. या छंदात पाणीसुद्धा घरी बनवावं लागतं हे तिला नुकतंच कळलं होतं. आरओचं पाणी घ्यायचं, त्यात दर लिटरला पस्तीस ग्रॅमच्या वर खास मीठ कालवायचं, मग त्याला समुद्र म्हणायचं. मिठाच्या डब्याची किंमत बघून ती म्हणाली, "अहो, तीन बाजूंनी समुद्र असलेल्या शहरात समुद्र विकत घ्यायचा? दोन बादल्या घ्या आणि गिरगावला जा. येताना ताईंकडेही होईल." मी गप्प बसलो. वरळीला आणि वांद्र्याला समुद्राच्या तळाशी तीन किलोमीटरहून लांब नळ टाकलेत, त्यांतून काय जातं आणि नळ नसलेल्या नाल्यांतून काय जातं, हे जेवणाच्या टेबलावर सांगण्यासारखं नव्हतं.

"म्हणजे माशांना आरओचं आणि आपण नळाचं?" हा तिचा दुसरा आक्षेप. तो मला व्यक्तिशः लागला. नळाचं पाणी उत्तम आहे, हे मी या घरात लग्नापासून सांगतोय.

तर फिल्टर. दुकानदाराला विचारलं तर तो मोटारीचे वॉट सांगतो. पण गाळायचं काय आहे, हे आधी बघायला हवं. मासा कल्ल्यांनी श्वास घेतो आणि त्याच कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. उरलेलं खाणं, विष्ठा, मेलेलं शेवाळ यांचाही शेवटी अमोनियाच होतो. तो डोळ्यांना दिसत नाही, कापसात अडकत नाही आणि थोडासा साठला तरी मासा मरतो. त्याच्यावर इलाज एकच. दगडावर, वाळूवर, काचेवर बसलेले काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात आणि सच्छिद्र दगडाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही तिथे, तिसरे काही नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडून देतात. खरा फिल्टर हा. बाकी सगळी डबड्यांची आरास.

हे मला नवीन नव्हतं, फक्त भलत्या खात्यातलं होतं. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युन्झ या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी एका लांब नळीत वाळू आणि चुनखडी भरून तिच्यातून सांडपाणी थेंबथेंब सोडलं. तीन आठवडे काही झालं नाही. अमोनिया जसा वरून जाई तसा खालून येई. मग एकाएकी खाली नायट्रेट येऊ लागलं. नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर ते थांबलं. म्हणजे हे काम रसायनाचं नव्हतं, त्या नळीत कोणीतरी राहायला आलं होतं. पुढे विनोग्राद्स्कीने ते भाडेकरू वेगळे काढून दाखवले. मलनिःसारणाच्या सगळ्या विद्येचा पाया हाच, आणि दिवाणखान्यातल्या समुद्राचाही हाच. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या हौशींनी काचेच्या टाकीखाली प्लॅस्टिकचे काटेरी गोळे भरलेला डबा ठेवून त्यावर पाणी ठिबकवायला सुरुवात केली आणि त्याचं मोठं कौतुक झालं. ते चित्र मी सूनबाईंच्या फोनवर बघितलं. आमच्या मलनिःसारणवाल्यांचा ठिबक फिल्टरच होता तो, फक्त लहान आणि महाग.

पाणी खात्यातली माणसं मलनिःसारणवाल्यांच्या हातचा चहा घेतात, पण सल्ला घेत नाहीत. त्यात मी उभी हयात जीवाणू मारण्यात घालवलेला माणूस. नळाला क्लोरीनचा वास कमी आला तरी मला झोप लागत नसे. त्या मला आता सांगण्यात येत होतं, की बाबा, यांना जपायचं, यांच्यासाठी दगड आणायचे, यांना क्लोरीनचा वाराही लागू द्यायचा नाही. निवृत्तीनंतर माणसाने विरोधी पक्षात जावं तसं काहीसं झालं.

जीवाणू राहणार दगडात. मग डबडं कशाला? तर पाणी खेळतं ठेवायला, कचरा दगडात जाऊन कुजण्याआधी उचलायला आणि पाण्यात हवा मिसळायला. हे एकदा मान्य केलं की कुठला फिल्टर, हा प्रश्न बराचसा घरातलं कुठलं कपाट रिकामं करायचं यावर येतो.

सूनबाईंचा जीव संपवर होता. वरच्या टाकीच्या काचेला भोक पाडायचं, पाणी नळीने खालच्या कपाटातल्या दुसऱ्या टाकीत उतरवायचं, तिथे ते गाळायचं आणि पंपाने परत वर चढवायचं. व्यवस्था म्हणून उत्तम. पाण्याचा एकूण साठा वाढतो, सगळी यंत्रं नजरेआड राहतात, वरच्या पाण्याची पातळी हलत नाही. आमच्याच मास्टर बॅलन्सिंग रिझर्व्हॉयरची धाकटी बहीण. मी मनातून खूष होतो. पण खालच्या कपाटात गणपतीचं मखर होतं. मखराच्या मागे आकाशकंदील, त्याच्यामागे पितळी समया आणि सगळ्यात मागे स्टीलचा मोठा डबा, ज्यात काय आहे हे घरात कोणालाच आठवत नाही, पण तो हलवायचा नाही एवढं पक्कं आठवतं. "मखर कुठे ठेवू?" एवढंच हिने विचारलं. दोन बेडरूमच्या घरातला हा प्रश्न जागतिक बँकेलाही सुटला नसता.

तरी अभियंत्याच्या सवयीने मी आकडेमोड केली. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी नळीतून खाली येतच राहतं, नळीचं तोंड उघडं पडेपर्यंत. आमच्या टाकीचं पृष्ठफळ बघता पातळी एक सेंटिमीटर उतरली की पावणेदोन लिटरच्या वर पाणी खाली येणार. नळीचं तोंड चार सेंटिमीटर बुडालेलं असेल तर सात लिटर. तेवढी जागा खालच्या टाकीत कायम रिकामी हवी, नाहीतर ते सात लिटर खारं पाणी लॅमिनेटेड फ्लोअरिंगवर. उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह मिळतो, पण खाऱ्या पाण्यात गोगलगाईचं एखादं पिल्लू त्याच्या झडपेत जाऊन बसलं की संपलं. आणि आमची वीज जात नाही असं म्हणावं, तर १२ ऑक्टोबर २०२० ला अख्ख्या मुंबईची गेली होती, लोकलसकट.

संपला खरा नकार मात्र चिरंजीवांकडून आला. नळीतून उतरणारं पाणी हवा ओढून घेतं आणि घटाघटा आवाज करतं. तो बंद करायच्या तीन-चार नामी रीती हौशी लोकांनी शोधल्यात, त्यावर तासन्‌तास वाद घालतात. दुकानातल्या टाकीसमोर उभं राहून चिरंजीवांनी तो आवाज ऐकला. ते घरून काम करतात. "मी बंगलोरच्या क्लायंटशी बोलत असताना मागे सारखा कोणीतरी फ्लश करतंय असं वाटेल," ते म्हणाले आणि मखर वाचलं.

दुसरा उमेदवार कॅनिस्टर. बंद डबा, दोन नळ्या, आवाज नाही, कपाटात एवढीशी जागा. दुकानदाराचा हा लाडका. गोड्या पाण्याचे मासेवाले महिनोन्‌महिने त्याचं झाकण उघडत नाहीत आणि अभिमानाने तसं सांगतात. मला तो पहिल्यापासून आवडला नाही. कचरा पाण्यातून काढला असं वाटतं, पण काढलेला नसतो, डब्यात भरलेला असतो, आणि तेच पाणी चोवीस तास त्याच कचऱ्यावरून फिरत असतं. भांडुपला वाळूची गाळणी वेळच्या वेळी उलट्या पाण्याने धुतात, ती काय हौस म्हणून? प्रवाळाच्या टाकीत कॅनिस्टर लावायचा तर पंधरवड्याला उघडून धुवायला हवा. खाली वाकून नळ्या सोडवायच्या, डबा न्हाणीघरात न्यायचा, वाटेत सांडायचं. हे पहिले दोन महिने सूनबाई करतील, तिसऱ्या महिन्यात "बाबा, तुम्ही घरीच असता ना" असं होईल. मी डोळे उघडे ठेवून कॅनिस्टरच्या विरोधात मत दिलं.

तिसरी, ऑल-इन-वन. टाकीच्या मागच्या बाजूला काळ्या काचेआड तीन कप्पे, त्यातच कापूस, कोळसा, पंप सगळं. दिसायला फार देखणी, बाहेर एक वायर सोडून काही नाही. कोणाला कपाट नसेल आणि भिंतीला चिकटवूनच टाकी ठेवायची असेल तर हीच घ्यावी. पण ते कप्पे लांबीरुंदीतूनच कापलेले. दोन बाय एकच्या टाकीतून दोन-अडीच इंच मागे गेले की माशाच्या वाट्याला राहिलं काय? बिल्टअप आणि कार्पेटचा फरक माशालाही भोगायला लावायचा, हे मला पटेना.

मधेच स्किमरचं प्रकरण उपटलं. उंच नळकांड्यात बारीक बुडबुड्यांचा लोट सोडतात. पाण्यात विरघळलेली प्रथिनं, तेलकट घाण बुडबुड्याच्या कडेला चिकटते, फेस वर चढतो आणि वरच्या वाटीत सांडतो. कोल्हापूरकडे गुऱ्हाळात काहिलीतल्या रसात भेंडीचं पाणी टाकून वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहतात, तसलंच काम. फक्त खाली जाळ नाही आणि शेवटी गूळ मिळत नाही. खाऱ्या पाण्यातच हे नीट साधतं. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्यात बारीक राहतात. कचरा कुजायच्या आत पाण्याबाहेर काढणारं हे यंत्र, म्हणून मला त्याच्याबद्दल आदर आहे.

सूनबाईंच्या मैत्रिणीने तिचा छोटा स्किमर आठ दिवस वापरून बघायला दिला. पहिले दोन दिवस त्याने मैत्रिणीच्याच टाकीतून बादलीत आणलेल्या पाण्यात नुसता पांढरा धूर काढला. नवा किंवा नवा धुतलेला स्किमर असाच वागतो म्हणे. तिसऱ्या दिवशी फेस मानेपर्यंत चढला आणि वाटीत दोन चमचे हिरवट तपकिरी पाणी जमलं. ते पाणी मी न्हाणीघरात ओतलं. ओतताना वाटीच्या कडेला बसलेला राळेसारखा थर बोटाने निघेना, जुन्या टूथब्रशने घासावा लागला. वास असा सुटला की चिरंजीवांनी क्लायंटला थांबवून खिडकी उघडली. त्याच संध्याकाळी हिने पुरणपोळीला तूप लावता लावता, काय चाललंय बघू म्हणून बादलीत बोट घातलं. फेस जो बसला तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठला नाही. तेलातुपाने बुडबुड्याचा कणाच मोडतो. ज्या घरात सणवार पाळले जातात त्या घरात स्किमर म्हणजे पथ्याचा पाहुणा.

तो परत पाठवण्याआधी मी कागद घेऊन बसलो. समजा आठवड्याला नायट्रेट दशलक्षात दोन अंशांनी वाढतं. दर रविवारी दहा टक्के पाणी बदललं तर ते शेवटी वीसच्या आसपास ठरतं. वीस टक्के बदललं तर दहावर. आमच्या ४५ लिटरचे वीस टक्के म्हणजे नऊ लिटर. एक बादलीसुद्धा पुरती भरत नाही! चारशे लिटरच्या टाकीवाल्याला याच हिशेबाला ऐंशी लिटर मीठपाणी कालवावं लागेल, म्हणून तो स्किमर घेतो, संप घेतो, कर्ज घेतो. लहान टाकीवाल्याची चैन हीच, की त्याचं सगळ्यात नामी यंत्र सव्वाशे रुपयांची प्लॅस्टिकची बादली. बादलीला वीज लागत नाही, मखराची जागा लागत नाही, फक्त रविवार लागतो. मला विचाराल तर लहान समुद्राचा फिल्टर निवडणं म्हणजे आपण न कुरकुरता काय धुणार, ते ठरवणं.

आणि याला आधारही भक्कम आहे. १९६१ साली इंडोनेशियातल्या ली चिन एंग या गृहस्थांनी लिहून ठेवलंय की समुद्रातले जिवंत दगड, वाळू आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर ते टाक्या चालवतात, फिल्टर नाही. त्या वेळी मासे पाळणारे टाकी धुऊन, उकळून, निर्जंतुक करून ठेवत. मी तेव्हा असतो तर मीही त्यांच्याच बाजूने असतो. मग बर्लिनच्या मंडळींनी त्या दगडांना स्किमर आणि चांगला उजेड जोडला आणि आजचा प्रवाळछंद उभा राहिला. मुळात मात्र दगडच.

दगड म्हटल्यावर कायदा आला. आपल्याकडे दगडी प्रवाळाच्या सगळ्या जाती २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. समुद्रपंखे आणि काळं प्रवाळही तिथेच. समुद्रातून उचललेला जिवंत दगड म्हणजे मुळात प्रवाळाचा सांगाडा, तोही घ्यायचा नाही. हे सूनबाईंनी स्वतःहून शोधून काढलं आणि निम्मी यादी खोडली. राहिले मऊ जातीचे, छत्रीसारखे आणि बटणांसारखे रंगीत जीव. मासे दोन, नारिंगी क्लाऊनफिश. त्यांची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते, अगदी ऐरोलीलाही, त्यामुळे समुद्रातून धरून आणल्याचं पाप नाही. दगड भट्टीत भाजलेले, सिरॅमिकचे, भोकाभोकांचे.

यादी खोडल्यावर फिल्टरचं गणित आणखी सुटलं. दगडी प्रवाळाला पाणी अगदी निर्मळ लागतं. हे मऊ गडी थोड्या नायट्रेटवर खूष असतात, पाच-दहा अंश त्यांना मानवतात. एवढंच नाही, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर नेलं तर टाकीत तपकिरी चिकट डायनोफ्लॅजेलेट माजतात आणि जुनेजाणते हौशीही डोक्याला हात लावतात. हे ऐकून मी थोडा वेळ बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. आमच्या अहवालात एखाद्या रकान्यात शून्य आलं की साहेब खूष होत. इथे शून्य आलं तर माशांना थोडं जास्त खायला घालायचं!

शेवटी ठरला हँग-ऑन. टाकीच्या मागच्या काचेवर लटकणारा साधा डबा. पाणी खालून ओढतो, कापूस आणि कोळशाच्या पुरचुंडीतून नेतो आणि धबधब्यासारखं परत सोडतो, त्यात हवाही मिसळते. कापूस डोळ्यासमोर मळतो, दर तीन दिवसांनी उचलून फेकायचा, बसल्या जागी. जोडीला दगडांमधून पाणी खेळवायला एक छोटा वेव्हमेकर, ताशी नऊशे लिटरचा. म्हणजे टाकीतलं पाणी तासाला वीसदा फिरतं. या डब्यापायी टाकी भिंतीपासून पाच इंच पुढे आली आणि चपलांच्या कपाटाचं दार उघडेना. सुताराला बोलावून बिजागऱ्या दुसऱ्या बाजूला लावल्या. आता दार उघडलं की आमच्या चपलांचं दर्शन थेट पाहुण्यांना होतं.

पण फिल्टर विकत घेतला म्हणजे फिल्टर झाला असं नाही. भट्टीतल्या दगडांत जीवाणू कुठले? ते वसवायचे तर आधी त्यांना अमोनिया द्यायला हवा आणि मासे टाकले तर मासे मरतील. त्यावर या छंदातला जुना उपाय म्हणजे एक कच्ची कोळंबी टाकीत टाकायची आणि कुजू द्यायची.

हे हिला सांगायचं कसं, यावर सून आणि सासरा यांच्यात स्वयंपाकघराबाहेर कुजबुजत बैठक झाली. आमच्या घरात कोळंबी फुकट जात नाही. डोक्यांचं सुकं होतं, सालांचं पाणी रश्श्यात जातं.

"आई, एक कोळंबी हवी होती."

"एकच? कालवणाला?"

"टाकीत टाकायला."

"मासे आले?"

"नाही. मासे यायच्या आधी ती कुजवायची आहे."

हिने पाटीतल्या कोळंब्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. माझ्या चेहऱ्यावर अधिकृत भाव होता. तिने सगळ्यात बारकी शोधली, तिचं डोकं काढून रश्श्यासाठी ठेवलं आणि उरलेलं धड दोन बोटांत धरून सूनबाईंच्या हातावर ठेवलं. "याचा हिशेब मासेवालीला सांगू नका," एवढंच म्हणाली.

त्यानंतर महिनाभर आमच्या दिवाणखान्यात दिवे लावलेल्या, पाणी खेळत असलेल्या काचेच्या पेटीत एक कोळंबी विराजमान होती. पाहुणे येत. "मासे कुठायत?" विचारत. सूनबाई परीक्षानळ्या दाखवत. अमोनियाची नळी पिवळ्याची हिरवी झाली, तेव्हा तिने मुलाचा निकाल लागावा तसे फोटो पाठवले. मग नायट्राइट चढलं. मग दोन्ही उतरली आणि नायट्रेट दिसू लागलं. श्लोझिंग आणि म्युन्झ यांच्या नळीत जे झालं तेच मुलुंडला झालं होतं, आणि मला, आयुष्यभर क्लोरीन सोडलेल्या माणसाला, ते बघून भरून आलं, हे खात्यातल्या मित्रांना मी अजून कळवलेलं नाही.

मासे आले, बटणं आली, छत्र्या आल्या. लहान टाकीचा खरा त्रास कुठे असतो तेही कळलं. मे महिन्यात पंखा लावला की रोज अर्धा-पाऊण लिटर पाणी उडून जातं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. दोन लिटर कमी झाले की पस्तीसची खारटपणाची मात्रा साडेछत्तीसच्या पुढे जाते. मोठ्या टाकीत हे कळतही नाही. म्हणून रोज भर घालायची, तीही गोड्या आरओ पाण्याची. आपोआप भर घालणारं यंत्र मिळतं, पण त्याला वेगळा डबा, आणि डब्याला जागा. आमच्याकडे हे काम हिच्या कानावर चालतं. पातळी उतरली की हँग-ऑनचा धबधबा उंचावरून पडू लागतो आणि आवाज वाढतो. ती भाजी निवडता निवडता ओरडते, "अगं, समुद्र वाजतोय. तांब्याभर घाल." मागच्या भिंतीवर मात्र मिठाचे पांढरे कोंब चढतात. तुषार उडतात, वाळतात, रंग सुटतो. ते ओल्या फडक्याने पुसायचं काम माझं. रविवारची बादली चिरंजीवांची.

कापसाचं खातं हिने परस्पर आपल्याकडे घेतलं. मत्स्यालयाच्या दुकानातल्या फिल्टरच्या कापसाचं पाकीट तिने बोटांत चुरगळून बघितलं, भाव विचारला आणि न घेता बाहेर पडली. मग कोपऱ्यावरच्या गादीवाल्याकडे गेली. मी पिशवी धरून मागे.

"उशीत भरता तो पांढरा फायबर दाखवा. नवा कोरा. वास नको, औषध मारलेलं नको, रंग नको."

त्याने मूठभर काढून दिला. तिने तो नाकाशी नेला, ताणला, उजेडात धरला आणि एक किलो बांधायला सांगितला. एक किलोत आमचा समुद्र बहुधा पुढच्या गणपतीपर्यंत गाळून निघेल.

"ताई, उशा किती करायच्यात?" गादीवाल्याने कात्री उचलत विचारलं.

"उशा नाहीत हो," ही म्हणाली. "मासे आहेत. दोन."